बेरीज सात

आख्ख्या कॉलेजात क्रिप्टोग्राफीचा पेपर घेणारी मी एकटी होते. एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एकोणीस जण. त्यातल्या अठरा जणांनी दुसरा सोपा पेपर घेतला, कारण त्याच्या तयार नोट्स यवतमाळच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळायच्या. मला तयार नोट्सचा राग आहे. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग आहे; बाबा म्हणतो, ही पोरगी मिरची खाऊन जन्मली. विभागप्रमुखांनी बोलावून समजावलं, सत्यशीला, एका मुलीसाठी वर्ग चालवणं कॉलेजला जमत नाही. मी म्हटलं, सर, छापील यादीत हा पेपर तुम्हीच टाकला, मी नाही.

शेवटी ममता मॅडम तयार झाल्या. त्या मूळच्या वणीच्या, तासिकेवर शिकवणाऱ्या, इथे भाड्याच्या खोलीत एकट्याच राहायच्या. दुपारी चारला वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहिल्या बाकावर मी आणि मागचे सगळे बाक रिकामे. मॅडम मात्र पन्नास पोरं समोर असल्यासारख्या उभ्या राहायच्या, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायच्या, आणि “कुणाला शंका?” असं विचारून सगळ्या खोलीवरून नजर फिरवायच्या. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. मग सवय झाली. दिवसभरात माझ्याशी नीट बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या शास्त्रात गोष्ट एकच असते. दोघं एकमेकांपासून लांब आहेत, त्यांना बोलायचं आहे, आणि मध्ये तिसरं कुणीतरी बसलंय जे सगळं ऐकतं. पुस्तकात त्या तिघांना इंग्रजी नावं होती. ती माणसं काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येईनात, म्हणून मी वहीत आपली माणसं घातली. इकडे सत्यशीला. तिकडे दिग्रसला डोमाजी, म्हणजे माझा बाबा. आणि मध्ये चोरून ऐकणारी मथुराबाई. मॅडमनी वही बघताना विचारलं, “ही मथुराबाई कोण?” मी म्हटलं, आमची शेजारीण, हिच्या कानातून सुटलं असं आमच्या गल्लीत काही नाही. मॅडम इतक्या हसल्या की हातातला खडू पडला.

खोटं नव्हतं ते. मी आठवीत असताना आई गेली, तेव्हापासून मथुराबाईनं आमच्या घरावर जी नजर ठेवली ती काढलीच नाही. चूल पेटली का, शीला केव्हा आली, कुणाशी बोलली, डोमाजीनं काय खाल्लं. मला तिचा फार राग यायचा. “मावशी, तुमाले दुसरं काम नाई काय?” असं मी एकदा तोंडावर विचारलं. ती म्हणाली, “नाई,” आणि तांदूळ निवडत बसली.

बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मशीनवर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशिनींचा आवाज एवढा, की तिथं माणसं खुणांनीच बोलतात. सव्वीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर त्याचे कान गेले. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, कॅमेरे घेऊन लोक यायचे, पण सगळ्यांना शेतावर जायचं असायचं. कापूस आटला की जिनवरच्या माणसाच्या पाळ्याही आटतात, हे विचारायला कुणी फिरकलं नाही. बाबाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याचं एकच म्हणणं होतं. “काई बी होऊ दे, पेपर सोडून याचं नाई.” दिवाळीला घरात पाय ठेवला तरी पहिला प्रश्न तोच, पेपर तर नाई ना बुडत?

आता बहिऱ्या माणसाशी फोनवर बोलणार काय? म्हणून मिस्ड कॉल. संध्याकाळी साडेसातला बाबानं मला एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे तो जेवला, बरा आहे. मग मी एक द्यायचा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला की त्याला कळायचं. होस्टेलच्या खोलीत माझी जोडीदारीण सलोनी, पुसदची. तिचं लग्न ठरलं होतं आणि ती तासन् तास फोनवर असायची. एकदा ती म्हणाली, “तुह्या फोनवर कोनी बोलतच नाई काय वं? नुसता वाजते न बंद होते.” मी म्हटलं, आमचं बोलणं होऊन गेलं. तिला ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगायची इच्छा नव्हती. त्या रात्री मला रडू आलं हे मात्र खरं.

नोव्हेंबरात मॅडमनी ओळख पटवण्याचा धडा घेतला. निरोप आला, ठीक आहे. पण तो त्यानंच पाठवला कशावरून? मी आपली मान डोलावली. दिवाळीला घरी गेले तर कळलं, मधे तीन दिवस बाबाचा फोन जिनच्या चौकीदाराकडे चार्जिंगला पडून होता. बाबानं त्याला सांगून ठेवलं होतं, साडेसात वाजले की एक मिस्ड कॉल मारून देजो. म्हणजे तीन दिवस मी चौकीदाराच्या खुशालीवर निवांत झोपले होते. माझं डोकंच फिरलं.

लगेच नवी पद्धत काढली. मी रोज एक ते सहामधला कोणताही आकडा निवडायचा आणि तेवढे मिस्ड कॉल द्यायचे. बाबानं फोनच्या पडद्यावर आकडा बघायचा आणि सात पुरे होतील एवढे परत द्यायचे. मी तीन दिले तर त्यानं चार. मी सहा तर त्यानं एक. सात हे गुपित, दोघांतच. चौकीदार असो की आणखी कुणी, त्याला ते ठाऊक नसणार, म्हणून उत्तर चुकणार. बोलून सांगितलं तर ओरडावं लागलं असतं, म्हणून मी ओट्यावर बसून सगळं पाटीवर लिहिलं. बाबानं चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं, आणि बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाला, “म्हंजे दोघाईचे मिळून सात झाले पायजेत, असंच ना?”

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो हसायला लागला, मीही हसले. शेजारच्या ओट्यावर मथुराबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मॅडमना मी ही पद्धत मोठ्या तोऱ्यात सांगितली. त्यांनी फळ्यावर लिहून बघितली आणि म्हणाल्या, “पद्धत जगाला कळली तरी चालतं, गुपित तेवढं कळता कामा नये. तुझं गुपित एकदा दोन्हीकडचं ऐकलं की फुटलं.” मी म्हटलं, मॅडम, ऐकणार कोण? फोन बाबाच्या खिशात नुसता थरथरतो. त्या म्हणाल्या, “बरं. पण एक नियम कडक पाळ. उत्तर चुकलं की दार बंद. तिथं दया केलीस तर सगळी पद्धत फुकट.” तो नियम मी वहीत लाल पेनानं लिहिला.

पाच महिने ते चाललं. दिवसात कुणी माझं नाव घेतलं नाही तरी साडेसातला ती बेरीज व्हायची. कधीकधी उत्तर इतकं पटकन यायचं की वाटायचं, बाबा फोन हातात धरूनच बसला होता.

एप्रिलमध्ये परीक्षा लागली. माझा क्रिप्टोग्राफीचा पेपर सगळ्यात शेवटी, गुरुवारी, एकटीसाठी. बाकीच्यांचे पेपर आधीच्या आठवड्यात संपले. सलोनी गादी गुंडाळून गेली, जाताना म्हणाली, “तू एकटी काय करशीन वं?” होस्टेलात मी आणि खाली राखणीची बाई, एवढंच उरलं. मेस बंद झाली. उन्हानं भिंती तापायच्या. मी ओली ओढणी डोक्यावर घेऊन वाचायची आणि साडेसातची वाट पाहायची. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, चारही दिवस उत्तर बरोबर आलं.

मंगळवारी मी दोन मिस्ड कॉल दिले. पाच यायला हवे होते. बऱ्याच वेळानं एक आला. मग दुसरा. मग तिसरा. आणि मग काहीच नाही.

मी वाट पाहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तीन अधिक दोन पाच, सात नव्हेत. मला राग आला. पुन्हा तो चौकीदार, नाहीतर जिनवरचं कुणी रिकामटेकडं फोनशी खेळत बसलंय. तेवढ्यात फोन पुन्हा एकदा वाजला आणि थांबला. म्हणजे चार. चारही चूकच. कुणीतरी माझी थट्टा करत होतं, आणि बाबाचा फोन त्याच्याकडे असेल तर बाबा कुठे होता? लाल पेनानं लिहिलेला नियम मला आठवला. मी फोन बंद करून पेटीत टाकला.

रात्रभर झोप नाही. सकाळी मी बॅग भरली. दिग्रस म्हणजे अडीच तास. पहिल्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत यायचं असा बेत होता. आणि मग बाबाचं वाक्य कानात वाजायला लागलं. पेपर उद्या. येताना गाडी बिघडली, चुकली, तर वर्ष गेलं. माझ्या एकटीचा पेपर पुन्हा कोण घेणार होतं? मी बॅग दाराशी ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे बघत वाचत बसले. बुधवारी साडेसातला फोन चालू केला आणि पाच मिस्ड कॉल दिले. पाचवा दिला आणि लगेच उत्तर आलं. एक. दोन. थांबलं.

सात. मी खाली फरशीवर बसले आणि चक्क हसले. बाबाला फोन परत मिळाला होता. मी बॅग उघडून कपडे परत ठेवले, डाळ-भात लावला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवारी मोठ्या हॉलमध्ये मी एकटी आणि पर्यवेक्षक एक. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिसरा प्रश्न नेमका आमचाच होता, प्रश्न टाकून ओळख पटवण्याची पद्धत लिहा आणि तिची मर्यादा सांगा. मी आकृती काढून दोन पानं लिहिली. मर्यादा म्हणून लिहिलं: या पद्धतीनं समोरच्याला गुपित ठाऊक आहे एवढंच सिद्ध होतं, समोर माणूस कोणता आहे ते सिद्ध होत नाही. चांगलं वाक्य जमलं म्हणून त्याखाली रेघ मारली.

दुपारी एक वाजता बाहेर आले तर फाटकाजवळ लिंबाखाली मथुराबाई उभी. हातात डब्याची पिशवी आणि डोक्यावर पदर. यवतमाळात, माझ्या कॉलेजच्या फाटकाशी. मला आधी तिचा नेहमीसारखा रागच आला, की ही बाई इथंही पोचली.

“झाला पेपर?” तिनं विचारलं.

“झाला. तुमी इथं काहून, मावशी?”

“चांगला गेला?”

“मावशी, बाबा कुठं हाय?”

तिनं पिशवीतून बाबाचा फोन काढून माझ्या हातात दिला. मग सांगितलं, उभ्या उभ्याच. गेल्या गुरुवारी रात्री पाळीवर असताना बाबा मशीनपाशी कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली. दिग्रसच्या डॉक्टरनं यवतमाळला न्यायला सांगितलं, जिनवरच्यांनी गाडी केली. शुक्रवारपासून तो इथेच होता, सरकारी दवाखान्यात, माझ्या होस्टेलपासून पायी वीस मिनिटांवर.

“पहिल्या दिवशी थोडं बोलत होता,” मथुराबाई म्हणाली. “मले म्हने, पोरीले सांगजो नोको. पेपर होऊ दे. शपथ घातली मले. मंग जीभ गेली.”

“मंग उत्तर कोन देत होतं? रोज बरोबर येत होतं.”

“मी.”

“तुमाले कसं मालूम, सात?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. “अवं शीला, आख्ख्या गल्लीले मालूम हाय. आंघोळीले गेला का फोन खिशात नसते, म्हनून त्यानंच मले सांगतलं, मथुराबाई, याचा आवाज मोठा करून दे, वाजला का मले हात लावून सांगजो. तुहा फोन आला का गल्लीभर वाजते. अन् मंग तो ओट्यावर बसून मोठ्यानं मोजते, एक झाला, दोन झाले. लेकरं आधीच सांगून ठेवतात, आज चार देईन, आज पाच देईन.”

मी रस्त्याच्या कडेला बसले. पाच महिने मी ज्याला दोघांतलं गुपित समजत होते त्यावर गल्लीतली पोरं पैजा लावत होती. पण ते डोक्यात शिरलंच नाही. डोक्यात एकच होतं.

“मावशी, मंगळवारी बी तुमीच होत्या?”

“मंगळवारी मी नोती. त्याचे कपडे आनाले दिग्रसले गेलती, गाडी उशिरा आली.” तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “फोन उशीखाली ठेवून गेलती. तुहा आला तं त्याले थरथर लागली असन. डाव्या हातानं काढला त्यानं. बाजूच्या पेशंटजवळची बाई सांगे, एकेक बटन दाबाले त्याले लय टाइम लागे. तीन केले, मंग दमून पडला. मंग आखीन एक केला. मी आली तं फोन कानाले नाई, छातीवर धरून होता, अन् दाबूनच राह्यला होता. मी कानाले लावला तं ते फोनातली बाई बोलून राह्यली होती, आपन ज्याले फोन केला तो बंद हाय म्हनून. त्याले कुठं ऐकू येते ते. त्याले वाटलं लागला. मंग मले हाताचे पाच बोटं दाखोले, पाच झाले म्हनून. अन् झोपला.”

शुक्रवारपासून आलेली बरोबर उत्तरं त्याची नव्हती. ज्या एका उत्तराला मी दार लावलं, तेवढं एकच त्याचं होतं. आणि ते चूक नव्हतं. अपुरं होतं, आणि मी थांबले नव्हते.

दवाखान्यात भेटीची वेळ संपत आली होती. लांब खोलीत दोन्ही बाजूंना खाटा, पंखे कुरकुरत होते. बाबा खिडकीपाशी होता. दाढी वाढली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मिटलेले. मी “बाबा” म्हटलं आणि मग आठवलं की त्याला ऐकू येत नाही. मी ओरडले असते तरी काही झालं नसतं. मथुराबाईनं त्याच्या खांद्याला हात लावला, फोन आला की लावायची तसाच. त्यानं डोळे उघडले नाहीत.

मी खाटेच्या कडेवर बसले. त्याचा डावा हात माझ्या हातात घेतला. तळव्यावर अंगठ्यानं दोनदा दाबलं. एक. दोन.

काहीच झालं नाही. बाजूच्या पेशंटजवळची बाई आमच्याकडे बघत होती. मग त्याचं बोट हललं. एक. मी मोजलं. दोन. बराच वेळ गेला. तीन.

मग बोट पडून राहिलं. श्वास चालू होता, बाकी काही नाही. दारातून सिस्टर म्हणाली, चला, वेळ संपली, बाहेर व्हा. माणसं डबे उचलायला लागली. मी हात सोडला नाही. मंगळवारी याच आकड्यावर मला राग आला होता.

चार.

“चाल वं शीला,” मथुराबाई हळूच म्हणाली. “बाहेर काढून राह्यले सगळ्याईले. संध्याकाळी येऊ.”

“थांबा मावशी,” मी म्हटलं. “एक राह्यला हाय त्याचा.”